धणे, मीठ आणि कृष्णकमळ

मेलबर्नच्या कुठल्याही छोट्या ब्रुअरीत शिरलं की आम्ही आधी लाकडी फळी मागतो. तिला इथे ‘पॅडल’ म्हणतात. फळीला चार-पाच भोकं, प्रत्येक भोकात एक बुटका ग्लास, ग्लासात चार घोट बिअर. फळी टेबलावर आली की मला पंगतीतल्या पानाची डावी बाजू आठवते. चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं थोडं थोडं.

क्रम मात्र चुकवायचा नाही. पहिल्या खेपेला उत्साहाच्या भरात मी काळी स्टाउट आधी उचलली आणि पुढच्या सगळ्या बिअरी पाणी लागल्या. जिलबी खाऊन वर चहा प्यायल्यावर होतं तेच.

खरी अडचण शब्दांची. सोबतच्या कार्डावर लिहिलेलं असतं: पाइन, रेझिन, स्टोनफ्रूट. पाइनचं झाड मी कधी चाटलेलं नाही. म्हणून आम्ही तिघांनी, म्हणजे मी, बायको आणि एक नागपूरकर मित्र, एक वही केली. तिच्यात फक्त आपल्या स्वयंपाकघरातले शब्द चालतात.

वहीची पहिली तीन पानं एकाच बिअरवर खर्ची पडली आहेत. बायरन बे नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोन अँड वुड’ची पॅसिफिक एल. गढूळ, फिकट सोनेरी, कडवटपणा जेमतेम. तिच्यात गॅलेक्सी नावाचे ऑस्ट्रेलियन हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलाची बोंडं, असतात आणि जाणकार म्हणतात त्यांना पीच आणि पॅशनफ्रूटचा वास येतो. पॅशनफ्रूट म्हणजे आपल्या कृष्णकमळाच्याच कुळातलं फळ, हे मला इथे येऊन कळलं. आमच्या कुंपणावरच्या वेलाला कधी फळ धरलेलं आठवत नाही. नागपूरकर म्हणाला, ‘संत्र्याची साल. सोलताना डोळ्यात उडते ना, ती.’ त्याला जगात सगळीकडे संत्रंच दिसतं. मी पपनसावर अडून बसलो. मग हिने ग्लास नाकाशी धरून सांगितलं, ‘अरे, आंब्याची अढी आहे ही. दोन दिवसांनी उघडल्यावर येते तशी, गवतासकट.’ वाद मिटला. पुढे 2021 मध्ये लायन या बड्या कंपनीने ती ब्रुअरी विकत घेतली, तेव्हा नागपूरकराने वहीतल्या नोंदीवर रेघ मारली. ‘आता ही छोटी कुठे राहिली?’ अढीचा वास मला अजून येतो, पण वही त्याच्या ताब्यात असते.

कडूच्या बाबतीत आपण भाग्यवान. मेथीचा कडूपणा वेगळा, कारल्याचा वेगळा, हे घराघरात ठाऊक. हॉप्सचा कडूपणा कुठला, ते बघायला एका पाडव्याच्या सुमारास आम्ही बीचवर्थला गेलो. जुनं सोन्याच्या खाणींचं गाव. तिथली ‘ब्रिज रोड’ ब्रुअरी एकेकाळच्या घोडागाड्यांच्या तबेल्यात आहे. जवळच्या ओव्हन्स खोऱ्यात हॉप्सचे वेल उंच तारांवर चढवलेले असतात आणि तोडणी नेमकी मार्चमध्ये येते. आपला चैत्र म्हणजे त्यांचा पानगळीचा हंगाम. काउंटरवर टोपलीत ताजी हिरवी बोंडं ठेवली होती. एक चुरडलं तर तळव्यावर हळदीसारखी पिवळी पूड आणि चिकट वास. त्या वर्षी कडुनिंबाचा पाला मिळाला नव्हता. हिने पर्समधून गुळाचा खडा काढला आणि पाडव्याच्या नावाने आम्ही तिघांनी एकेक बोंड गुळाबरोबर चावलं. कडुनिंब बरा! पुढचा अर्धा तास कोणी कोणाशी बोललं नाही.

एका प्रकाराला मात्र वहीची गरजच पडली नाही. गोझं नावाची मूळची जर्मन आंबट बिअर इथल्या बऱ्याच छोट्या ब्रुअऱ्या करतात. तिच्यात घालतात काय, तर मीठ आणि धणे. पहिल्या घोटाला तिघंही एकदम म्हणालो, ‘मठ्ठा!’ आलं-कोथिंबीर तेवढी राहिली होती. तसंच लेमन मर्टल नावाच्या इथल्या झाडाच्या पाल्याचं. तो घातलेली बिअर म्हणजे थेट गवती चहा. दोन्हीत सिट्रल हे एकच द्रव्य, म्हणून वास एक.

वहीतल्या सगळ्यात चांगल्या नोंदी आईच्या. ती पीत नाही, फक्त वास घेते. ती आली तेव्हा सिडनीत मॅरिकव्हिलला गेलो होतो. गोदामांची वस्ती, डोक्यावरून विमानं आणि गल्लीगणिक ब्रुअरी. स्टाउटचा ग्लास हुंगून तिने निकाल दिला, ‘बेसन खाली लागलंय.’ गव्हाच्या बिअरला, ‘आंबोळीचं पीठ, उतू जायला आलेलं.’ मग ‘वाइल्डफ्लॉवर’मध्ये शिरलो. तिथली मंडळी रानफुलांवरचं यीस्ट गोळा करून बिअर आंबवतात आणि लाकडी पिंपांत मुरवतात. तो ग्लास तिने दोनदा हुंगला.

‘लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडल्यावर येतो, तो वास. किती दिवस मुरवलंय रे हे?’

मी काउंटरवर जाऊन विचारून आलो. ‘वर्षभर.’

‘मग बरोबर आहे,’ म्हणत तिने ग्लास माझ्याकडे सरकवला आणि आपला चहा कुठे मिळेल ते विचारलं.