‘फोटो नको’ म्हणणाऱ्याला आधार कार्डाची आठवण करून देऊ नये

छायाचित्रकारांच्या जमातीत एक युक्तिवाद फार लोकप्रिय आहे. एखाद्याने धर्माचे कारण देऊन फोटोला नकार दिला की आपल्यापैकी कोणीतरी हमखास विचारतो, ‘मग आधार कार्डावर काय लावले आहे?’ विचारणाऱ्याला समोरच्याची बोलती बंद केल्याचे समाधान मिळते, समोरचा माणूस एक तर ओशाळतो किंवा चिडतो, आणि फोटो दोन्ही परिस्थितींत मिळत नाही. नागपुरात लग्ने, मिरवणुका आणि उत्सव टिपण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि हा युक्तिवाद तर्काच्या बाजूने लंगडा व धंद्याच्या बाजूने निरुपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे. सरकारने मागितले म्हणून जे द्यावे लागते, ते कोणाही परक्या माणसाला हौसेखातर द्यावे, असा नियम आपण इतर कोणत्याही बाबतीत लावत नाही.

शिवाय ज्यांना आपण विसंगत ठरवू पाहतो, त्यांनी या प्रश्नाचा विचार आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा बारकाईने केलेला असतो. २०१३ मध्ये देवबंदच्या दारुल उलूम या इस्लामी विद्यापीठाच्या मोहतमीमांनी, म्हणजे प्रमुखांनी, छायाचित्रण धर्मबाह्य असल्याचे सांगितले, तेव्हा ओळखपत्र आणि पासपोर्ट यांसाठीचा फोटो त्यांनी गरजेची बाब म्हणून वेगळा ठेवला होता. गरजेपोटी मिळणारी सवलत हे इस्लामी न्यायशास्त्रातले जुने तत्त्व आहे. हजला जायचे तर पासपोर्ट हवा आणि पासपोर्टला फोटो हवा, ही गोष्ट कोणी छायाचित्रकाराने लक्षात आणून देण्याची वाट पाहत कोणी बसलेले नाही.

या आक्षेपाचे मूळ हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, आहे. प्रतिमा घडवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी अतिशय कठोर शिक्षा होईल आणि ‘जे घडवलेत त्यात प्राण घाला’ असे त्यांना सांगितले जाईल, असा त्याचा आशय आहे. बुखारींच्या संग्रहातला एक प्रसंग मात्र मला विशेष जवळचा वाटतो, कारण त्यातला माणूस आपल्यासारखाच हातावर पोट असलेला कारागीर आहे. तो पैगंबरांचे सहकारी इब्न अब्बास यांच्याकडे जातो आणि सांगतो की माझी रोजीरोटीच चित्रे काढण्यावर आहे. इब्न अब्बास त्याला ती हदीस ऐकवतात, तेव्हा त्याचा चेहरा उतरतो. मग ते त्याला म्हणतात की काढायचेच असेल तर झाडे काढ, निर्जीव वस्तू काढ. त्याला धंदा बंद करायला सांगितलेले नाही. विषय बदलायला सांगितले आहे. धार्मिक आक्षेपाला छायाचित्रकाराने काय उत्तर द्यावे, याची इतकी व्यवहारी चर्चा मी आपल्या व्यवसायाच्या कोणत्याही कार्यशाळेत ऐकलेली नाही.

कॅमेरा आल्यावर हा वाद संपला नाही, उलट त्याला नवे फाटे फुटले. इजिप्तचे मुफ्ती राहिलेले मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी असे मांडले की छायाचित्रकार नवे काही घडवत नाही, तो आरशात पडावी तशी पडलेली छाया धरून ठेवतो, म्हणून त्याला मूर्तिकाराच्या पंक्तीत बसवता येत नाही. सौदी विद्वान इब्न उसैमीन यांनीही यंत्राने टिपलेली प्रतिमा आणि हाताने घडवलेली प्रतिमा यांत फरक केला, पण तो फोटो कशासाठी ठेवला जातो यावर त्यांचा कटाक्ष होता. पाकिस्तानचे तकी उस्मानी यांचे म्हणणे असे की पडद्यावरची डिजिटल प्रतिमा कागदावर उतरत नाही तोवर तिला चित्र म्हणता येणार नाही. या मतभेदांचा हिशेब ठेवला नाही तर नागपुरातले वास्तव समजत नाही. मोमीनपुऱ्यातल्या एका घरात भिंतीवर मक्केच्या छायाचित्राशिवाय काहीही नसते, आणि त्याच शहरात ताजबागला, १९२५ मध्ये निधन पावलेल्या सूफी संत ताजुद्दीन बाबांचे छायाचित्र चौकटीत, किचेनवर आणि ऑटोच्या काचेवर दिसते. ते चित्र लावणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ आहेत. यातला कोण खरा धार्मिक, हे ठरवण्याचा अधिकार कॅमेरा गळ्यात अडकवल्याने कोणालाही मिळत नाही.

निकाहच्या कामांत मला हे सर्वांत जवळून दिसते. मंडपात काझीसाहेब बसलेले, समोर उघडलेले रजिस्टर, वकील (नवरीचा प्रतिनिधी) आणि गवाह, म्हणजे साक्षीदार, आपापल्या जागी, नवरदेवाच्या चेहऱ्यावर सेहऱ्याची झालर, आणि खुतबा, म्हणजे निकाहचे प्रवचन, सुरू होण्यापूर्वी काझीसाहेबांचा हात हलकेच माझ्या दिशेने वर होतो: ‘कॅमेरा जरा बाजू में रखो भाई, दुआ होने दो.’ अशा वेळी मी कॅमेरा खरोखर खाली ठेवतो. तो मांडीवर ठेवून, लेन्स वर करून, आवाज बंद करून टिपत राहणारे सहकारी मला माहीत आहेत आणि त्यांचा मला राग येतो, कारण पुढच्या लग्नात त्याच मोहल्ल्यात माझ्याकडे संशयाने पाहिले जाते. दुआ झाल्यावर जे उरते ते कमी नसते. रजिस्टरवर सही करताना अडखळणारे पेन, गवाह म्हणून अंगठा उठवणाऱ्या आजोबांच्या नखाभोवतीची शाई, परातीतून वाटले जाणारे छुहारे आणि ते झेलण्यासाठी पुढे आलेले दहाबारा हात: यांतल्या एकाही चौकटीत चेहरा नसतो, आणि कुटुंबाकडून सर्वांत जास्त प्रती याच चौकटींच्या मागितल्या जातात. इब्न अब्बासांचा सल्ला असा कामाला येतो.

स्त्रियांच्या बाजूचा प्रश्न वेगळा आहे आणि तो नवा नाही. छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत स्वतंत्र झनाना स्टुडिओ काढला, त्याची व्यवस्था केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे दिली आणि पडद्यातल्या स्त्रियांना परपुरुषाच्या नजरेस न पडता स्वतःचे छायाचित्र काढून घेता येईल अशी सोय केली. आक्षेपाला दिलेले हे उत्तर मला आदर्श वाटते, कारण त्यात पडदा ठेवावा की नाही यावर एक शब्दही खर्च न करता, पडदा ठेवणाऱ्या बाईला काय हवे आहे एवढेच पाहिले गेले. आज नागपुरात मुस्लिम लग्नाचे काम घ्यायचे तर सोबत महिला छायाचित्रकार लागतेच. ती आत जाते, मी बाहेर थांबतो, आणि तिचे मेमरी कार्ड काम संपताच घरातल्या कोणा बाईच्या हाती दिले जाते. एडिटिंगही तिनेच करायचे, अशी अट अनेकदा असते. दुसऱ्या माणसाचे पैसे वाढतात हे खरे, पण ते दरपत्रकात आधीच लिहिले की कुरबुर होत नाही.

इथे एक गाठ आहे आणि ती मला पूर्णपणे सुटलेली नाही. नवरीला फोटो हवा असतो आणि तिच्या काकांना नको असतो, असे प्रसंग येतात. नकार कोणाचा मोजायचा? चौकटीत जी व्यक्ती आहे तिचा शब्द अंतिम मानावा, असे माझे मत आहे; त्यामुळे नवरीला नको असेल तर सगळे घर आग्रह करत असले तरी फोटो काढायचा नाही, आणि तिला हवा असेल तर काकांचा आक्षेप हा त्यांच्यापुरता मानायचा. पण पैसे बहुधा काकाच देत असतात आणि लग्नानंतर त्या मुलीला त्या घरांत वावरायचे असते, मला नव्हे. म्हणून आमच्या सहकारी बाई नवरीला आतल्या खोलीत एकटीला विचारतात, काढतात आणि कार्ड तिच्याच हाती देतात. त्यापुढे त्या फोटोंचे काय झाले, याची चौकशी आम्ही करत नाही.

सगळेच आक्षेप चेहऱ्याबद्दल नसतात. मूर्तिपूजा न मानणाऱ्या स्थानकवासी जैन पंथाच्या साधू-साध्वींच्या कार्यक्रमात फ्लॅश वापरू नका असे सांगितले जाते, आणि नव्या मुलांना ती कॅमेऱ्याची नावड वाटते. प्रत्यक्षात तो अहिंसेचा प्रश्न आहे. अग्नी हा एकच इंद्रिय असलेला जीव आहे, त्याला तेउकाय म्हणतात, अशी जैन मांडणी आहे. वीजही त्यातच मोडते की नाही यावर जैन संप्रदायांत बराच वाद झाला आहे आणि प्रवचनाला माइक वापरावा की नाही हा प्रश्नही त्यातूनच आला. जे वीज सजीव मानतात, त्यांच्या दृष्टीने माझा फ्लॅश हा त्यांच्या निमित्ताने झालेला जीवघात असतो, आणि व्रतस्थ माणूस त्याला निमित्त होऊ इच्छित नाही. हे एकदा समजले की उत्तर तांत्रिक होते. स्थानकातल्या, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेतल्या, खिडकीचा उजेड, उघड्या ॲपर्चरची लेन्स, वाढवलेला आयएसओ आणि थोडे दाणेदार झालेले चित्र, एवढ्यावर काम भागते. काही महाराज साहेब तरीही नको म्हणतात, कारण आपल्या देहाचे कौतुक त्यांना वाढवायचे नसते. तिथे लेन्सचा उपयोग नाही आणि विषय संपतो.

देवळांच्या बाबतीत मात्र मी एवढा सहज मान डोलवत नाही, कारण तिथे एकाच फलकाखाली अनेक कारणे दडलेली असतात. स्नान आणि नैवेद्य यांच्या वेळी देवापुढे पडदा ओढण्याची रीत कॅमेऱ्याहून कितीतरी जुनी आहे, आणि गाभाऱ्यात फोटो नको म्हणणे हा तिचाच विस्तार असेल तर तो मला कळतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या मंदिरांत मोबाइलला बंदी घालायला सांगितले आणि २०२३ मध्ये केदारनाथच्या मंदिर समितीने आत फोटो-व्हिडिओ काढण्यास मनाई केली. दोन्हींमागे पावित्र्याइतकाच मोबाइलवाल्यांचा धुडगूस होता. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलची मनाई तर अनेकांना धार्मिक वाटते, पण तिच्या मुळाशी भित्तिचित्रांच्या जीर्णोद्धाराचा खर्च उचलणाऱ्या जपानी दूरचित्रवाणी कंपनीला दिलेले हक्क होते. बाहेरच्या दुकानांत त्याच मूर्तीच्या तसबिरी टांगलेल्या असताना आत फोटोला बंदी असेल, तर कारण विचारायला हरकत नाही, फक्त ते कार्यालयात जाऊन विचारावे, रांगेतल्या पुजाऱ्याशी हुज्जत घालून नव्हे. संस्थेला प्रश्न विचारणे आणि स्वतःच्या चेहऱ्यावर पदर ओढणाऱ्या बाईला प्रश्न विचारणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

खेड्यांतला आक्षेप अनेकदा कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होते, तिघांचा एकत्र काढला की त्यातला एक जातो, बाळंतिणीचा आणि तान्ह्या बाळाचा काढला की दृष्ट लागते, हे आपल्या सर्वांच्या घरांत कधी ना कधी बोलले गेले आहे. रामटेकच्या बाजूच्या एका गावात ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या आजी मला म्हणाल्या, ‘कायले काढतं बापू माया फोटो? मले नाई पायजे.’ सूप मात्र त्यांनी स्वतःहून पुढे सरकवले, याचा काढ म्हणाल्या. त्यांना अंधश्रद्धेवर व्याख्यान देण्याची उबळ माझ्यासोबत आलेल्या मित्राला आली होती. मी त्याला गाडीत बसायला सांगितले.

उरला राज्यसंस्थेचा प्रश्न, आणि तिथे माझी बाजू उलट आहे. अमेरिकेत नेब्रास्काच्या फ्रान्सेस क्वेरिंग यांनी बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी कोरीव प्रतिमेविरुद्धच्या आज्ञेचा आधार घेऊन वाहन परवान्यावर फोटो लावायला नकार दिला. १९८४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्यामुळे तो कायम राहिला. कॅनडात २००९ मध्ये हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीने हाच आक्षेप घेतला, तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय चार विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या विरोधात गेले. आपल्याकडे मतदार यादीत पडदानशीन स्त्रियांची छायाचित्रे छापण्याविरुद्धचा अर्ज मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळला. माणसाच्या जागी दुसऱ्याने मत टाकू नये, ही गरज खरी आहे आणि तिच्यासाठी चेहरा मागता येतो, असे मला वाटते. पण ती गरज निवडणूक आयोगाची आहे. माझ्या इन्स्टाग्रामची तशी कोणतीही गरज नाही, आणि आधार कार्डाचा दाखला देणारे सहकारी हाच फरक विसरतात.

फिल्मच्या काळात आक्षेप फोटो काढण्याला असे, आता तो फोटो पसरण्याला अधिक असतो. ‘काढा, पण टाकू नका,’ हे वाक्य मी सर्व धर्मांच्या घरांत ऐकतो. म्हणून कामाच्या करारात मी तीन प्रश्न घालतो: कोणत्या विधीच्या वेळी कॅमेरा बंद ठेवायचा, कोणाचा फोटो काढायचा नाही, आणि कोणते फोटो बाहेर दाखवायचे नाहीत. आधी हो म्हणून नंतर विचार बदलणारे लोकही असतात. हजहून परतल्यावर, दीक्षेचा निर्णय झाल्यावर किंवा नुसतेच वय वाढल्यावर लोक जुने फोटो काढून टाकायला सांगतात. तसे सांगितले की मी ते संकेतस्थळावरून, हार्ड डिस्कवरून आणि बॅकअपमधूनही काढतो व तसे लेखी कळवतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही, आणि कारणही विचारत नाही.