तुम्ही विचारलंत म्हणून: न वापरलेली क्रेडिट कार्डं ठेवायची की बंद करायची?

आमच्या घरात कुणाच्याही पाकिटातून जुनं क्रेडिट कार्ड निघालं की फोन मला येतो, "अगं हे ठेवू का बंद करू?" बँकेत नाहीये मी, एकदा चांगलाच चटका बसलाय एवढंच माझं क्वालिफिकेशन.

झालं असं की माझ्याकडे चार कार्डं होती आणि वापरात एकच. बाकीची मॉलमध्ये, ऑफिसच्या खाली टेबल मांडून बसलेल्या पोरांनी गळ्यात मारलेली. त्यातल्या एकाची फी पहिल्या वर्षी माफ होती, दुसऱ्या वर्षी ५०० अधिक १८ टक्के जीएसटी असे ५९० लागले, आणि स्टेटमेंट जात होतं मी कधीच न उघडणाऱ्या जुन्या ईमेलवर. मग लेट फी, त्यावर व्याज, त्यावर परत जीएसटी, आणि मला कळलं तेव्हा आकडा दोन हजारांच्या वर गेला होता. एक रुपयाची खरेदी नाही हां! पैसे भरले ते भरले, पण सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो आपला गुणांक, घसरला तो वर यायला वर्ष गेलं.

त्यामुळे माझं उत्तर सोपंय, फी लागत असेल आणि वापर नसेल तर बंद. बंद करायला फोन केलात की एकदम गोड बोलतात, "मॅडम यावर्षीची फी माफ करतो." पुढच्या वर्षी परत तेच, म्हणून मी तरी ऐकत नाही.

लाइफटाइम फ्री असेल तर मात्र मी घाई करत नाही, कारण लिमिट. समजा तीन कार्डांचं मिळून लिमिट ३ लाख आहे आणि महिन्याला तुम्ही ३० हजार वापरता, म्हणजे १० टक्के. दोन बंद केली आणि उरलं १ लाखाचं, तर तोच खर्च ३० टक्के दिसतो, आणि स्कोअर चांगला ठेवायचा तर त्याच्या वर जाऊ नये असं सगळे सांगतात. कार्डाचा जुना रेकॉर्ड बंद केल्याबरोबर रिपोर्टमधून पुसला जात नाही, ती भीती नको. पण वहिनीचं होमलोन प्रोसेसमध्ये होतं तेव्हा तिला मी सांगितलं, लोन हातात पडेपर्यंत एकाही कार्डाला हात लावू नकोस.

फ्री कार्ड नुसतं ड्रॉवरमध्ये ठेवूनही चालत नाही. वर्षभर वापरलं नाही तर बँक कळवते आणि ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर स्वतःच बंद करते, आरबीआयचा २०२२ पासूनचा नियमच आहे तो. म्हणून मी माझं फ्री रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय, किराणावाल्याकडे स्कॅन करते. भाजीवाल्या मावशींकडे नाही चालत, त्यांचा क्यूआर पर्सनल खात्याचा आहे.

बंद करताना आधी बाकी शून्य करा, रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, त्या कार्डावर ओटीटीचं किंवा विजेच्या बिलाचं ऑटोपे असेल तर हलवा. मग अॅपवरून किंवा ईमेलने रिक्वेस्ट टाका, फक्त पोस्टानेच अर्ज पाठवा असं बँक म्हणू शकत नाही. थकबाकी नसेल तर सात वर्किंग डेजमध्ये बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. हे वाक्य मी एकदा कस्टमर केअरला ऐकवलं होतं, दुसऱ्या दिवशी कार्ड बंद! क्लोजरचा मेल जपून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात "क्लोज्ड" दिसलं पाहिजे.

आमच्या काकांनी यातलं काहीच केलं नाही. कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले, दोन ओल्या कचऱ्यात, दोन सुक्या कचऱ्यात, आणि म्हणाले झालं बंद. आता त्यांना रिकव्हरीवाल्यांचे फोन येतायत. रविवारी बोलावलंय त्यांना, पण बँकेत जो मोबाइल नंबर दिलाय तो त्यांनी कधीच सोडून दिलाय, म्हणजे ओटीपीसुद्धा येणार नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच.