डार्टचं मागचं काम: रुंद टायर, नवे एक्सल आणि अर्धा इंच आत सरकवलेले पाटे

मंडळी, थंडी जरा कमी झाली, परवा पहिल्यांदा गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून काम करता आलं, आणि डार्ट आता मागच्या नव्या चाकांवर उभी आहे. नोव्हेंबरपासून स्टँडवर होती बिचारी.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी, १९६८ ची डॉज डार्ट जीटीएस, ३४० क्यूबिक इंचाचं व्ही-८, चार गिअर. बनली इथेच, डेट्रॉइटला खेटून असलेल्या हॅमट्रॅमकमध्ये, जुन्या डॉज मेन कारखान्यात, चासी नंबरातलं सातवं अक्षर बी आहे त्यावरून कळतं. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला आणि त्या जागेवर आता जीएमचा प्लँट आहे, रोज ऑफिसला जाताना त्या बाजूची पाटी दिसते मला. म्हणून या गाडीचा पत्रा कापायचा नाही हे मी घेतली त्याच दिवशी ठरवलेलं. मागे रुंद टायर बसवायचा म्हटलं की सगळे पहिलं सांगतात मिनी-टब कर, म्हणजे आतला चाकाचा घुमट कापून आत सरकव. ज्यांना २७५ मिलिमीटर रुंदीचा टायर हवाय त्यांनी जरूर करावं, मला ते या गाडीला करायचं नव्हतं.

पण रुंद टायर तर हवाच होता. कंपनीतून या गाडीला ई७०-१४ टायर यायचे आणि इंजिनाची कागदावरची ताकद २७५ अश्वशक्ती, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये जरा जास्त पाय दिला की नुसता धूर, गाडी जागच्या जागी. त्यात गेल्या उन्हाळ्यात अजून एक झालं. पंक्चर काढायला एका दुकानात नेली, मी आत काउंटरवर होतो तेवढ्यात तिथल्या पोरानं डाव्या चाकाला इम्पॅक्ट गन लावून तीन स्टड, म्हणजे नट बसतो ते बोल्ट, तोडले. १९७० पर्यंत क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असायचे, चाक पुढं फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून. स्टडच्या टोकावर एल कोरलेला असतो पण पन्नास वर्षांच्या गंजाखाली तो कुणाला दिसणार. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी, कारण मी गाडी सोडताना सांगायला हवं होतं असं सारखं मनात येत राहिलं.

तर स्टड तसेही बदलायचेच होते, आणि जुन्या डार्टचा बोल्ट सर्कल, म्हणजे चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, आहे पाच बोल्ट चार इंच, ज्यात चांगल्या रिम मिळतच नाहीत. पुढची बाजू मागच्या हिवाळ्यात १९७३ नंतरच्या ए-बॉडीच्या, म्हणजे डार्टच्याच घराण्यातल्या गाड्यांच्या, डिस्क ब्रेकवर नेली तेव्हाच तिथं साडेचार इंच झालेलं. मग ठरवलं की मागचे एक्सलच नवे घालू, साडेचार इंचाचे, दोन्हीकडे सरळ आट्यांचे. हौसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, मूळचंच ठेवलं, पावणेनऊ इंचवालं, त्यात बदलण्यासारखं काही नाहीच. त्याचा सगळा क्राऊन-पिनियनचा गोळा पुढून बाहेर निघतो त्यामुळे काम करायला सोपं आणि ३४० च्या मानानं भरपूर दणकट.

आता मुख्य गोष्ट, मापं. इथं मी तीन आठवडे घालवले आणि तुम्हीही घालवा, टायर मागवायच्या आधी. गाडी चाकांवर, जमिनीवर, टाकीत पेट्रोल, अशा अवस्थेत मापायची. मडगार्डच्या दुमडीला ओळंबा लटकवला, हो तोच गवंड्याचा ओळंबा, माझ्या वडिलांचा पितळी आहे, गावाहून येताना बॅगेत घालून आणलेला. चाक जिथं टेकतं त्या फ्लँजच्या तोंडापासून दोरीपर्यंत डावीकडे १२२ मिलिमीटर भरले, उजवीकडे १२८. घाबरू नका, त्या काळच्या गाड्यांच्या दोन बाजू सारख्या नसतातच, नेहमी कमी भरेल त्या बाजूनं हिशोब धरायचा. आतल्या बाजूला फ्लँजपासून पाट्याच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, कडेपर्यंत १४८.

टायर ठरवला २५५/६०आर१५, रिम १५ बाय ८, बॅकस्पेसिंग, म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून फ्लँजवर टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, पाच इंच. आणि इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, टायरवर २५५ लिहिलंय म्हणून २५५ धरू नका, रिम जितकी रुंद तितका टायर फुगतो, साधारण अर्ध्या इंच रिममागे पाव इंचापेक्षा जरा कमी. माझा आठ इंची रिमवर हवा भरून मोजला तर २६२ निघाला. म्हणजे निम्मे १३१, रिम अर्धा इंच आत बसते, तर आतल्या बाजूला १४४ आणि बाहेर ११८ लागतात. उपलब्ध १४८ आणि १२२. दोन्हीकडे चार-चार मिलिमीटर! कागदावर बसतो, रस्त्यावर पहिल्याच वळणावर घासला असता.

आत जागा करायला पाटे सरकवले. अर्धा इंच आत नेणारे हँगर आणि शॅकल, म्हणजे पाट्याची दोन टोकं धरणारे तुकडे, बोल्टनं बसतात, बॉडीला काही कापावं लागत नाही, पण एक्सल हौसिंगवरच्या पाट्यांच्या बैठकी मात्र छाटून परत वेल्ड कराव्या लागतात, मध्य ते मध्य ४३ इंच होते ते ४२ केले. पिनियनचा कोन तेव्हाच ठरवून घ्यायचा. जोरात रेस केली की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून उभ्या गाडीत ते शाफ्टच्या मानानं दोन-तीन अंश खाली ठेवलं. आधी नुसते टॅक मारले, सगळा भार टाकून कोन परत बघितला, मग पूर्ण वेल्ड, तेही एकेक इंच, बाजू बदलत, मध्ये थंड होऊ देत. घाई केली की हौसिंग वाकडं होतं आणि मग नव्या एक्सलचे बेअरिंग खातं.

बाहेरची दुमड रोलरनं दाबली. हबवर बसणारं ते यंत्र भाड्यानं मिळतं. हीट गननं रंग चांगला गरम करत, सहा-सात फेऱ्यांत हळूहळू, डावीकडे १२२ चे १३१ झाले. एका ठिकाणी रंगाला केसाएवढी चीर गेली, बोटाच्या पेराएवढ्या लांबीची, पण आतल्या बाजूला, तिथं प्रायमर लावून टाकला.

एक्सल बसवताना बेअरिंगचा प्रश्न आला. आजकाल बरेच जण सीलबंद बॉल बेअरिंग घालतात, बसवलं की विसरलं. मी मूळचेच टेपर रोलर घेतले कारण वळणावर आडवा जोर त्यावर येतो आणि रुंद टायर तो जोर वाढवणारच. पण त्यांचा एंड-प्ले, म्हणजे एक्सल आतबाहेर किती हलतो ते, जुळवावा लागतो. शेजारी क्रायस्लरमधून रिटायर झालेले एक अमेरिकन गृहस्थ आहेत, घरात आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी फ्लँज हातात धरून एकदा आतबाहेर केला आणि म्हणाले जास्त आहे. डायल गेज लावला तर ०.०३१ इंच, हवा ०.००८ ते ०.०१८. उजव्या बाजूच्या अ‍ॅडजस्टरचं कुलूप काढलं, एकेक खाच फिरवायची, डाव्या एक्सलवर रबरी हातोडा मारून बसवायचं, परत मोजायचं. ०.०१२ वर थांबलो. काकांनी परत हात लावून नुसती मान हलवली, मला तेवढं पुरे होतं.

ड्रमही बदलले, अकरा इंची, त्यावर फार लिहीत नाही, ब्रेक पाइप नवे ओढले एवढंच.

मग परीक्षा. डिकीत वाळूच्या साठ पौंडी चार पोत्या टाकल्या, एक मागचं चाक लाकडी ठोकळ्यावर चढवलं म्हणजे वळणातल्यासारखा तिरका भार येतो, आणि टायर व दुमडीच्या मध्ये मातीचा गोळा चिकटवून ठेवला. गोळा दबून ७ मिलिमीटर उरला. आत पाट्याकडे १६ होते ते १३. नंतर घराभोवती वीसेक मैल फिरवली, खड्ड्यातून मुद्दाम नेली, मिशिगनमध्ये मार्चमध्ये खड्डे शोधावे लागत नाहीत, कुठंही घासल्याची खूण नाही. आणि पहिल्या गिअरमध्ये पाय दिला तर गाडी खाली बसून सरळ पुढं गेली, बायको शेजारी बसलेली, तिनं दाराची मूठ धरली.

टायर २६ वरून २७ इंचाचा झाला त्यामुळे माझं मागच्या क्राऊन-पिनियनचं ३.५५ चं गुणोत्तर आता ३.४२ सारखं वागतं, साठ मैलांवर २,६५० च्या आसपास आरपीएम, हायवेला उलट बरंच. स्पीडोमीटर कमी दाखवतोय, त्याचं प्लास्टिकचं पिनियन एक दात कमीचं मागवलंय. शंभर मैल झाले की चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळायचे. वुडवर्ड क्रूझ, म्हणजे इथला जुन्या गाड्यांचा मेळावा, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आहे, त्याआधी पुढची बाजू बघायचीय, तिथं पाटे नाहीत, टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे, आहेत.