पेनीचं शेल: बसतं छान, पण सुटतं कसं?

नाण्यांच्या जादूसाठी पेनीचं शेल, म्हणजे दुसरं नाणं आत लपवणारं पोखरलेलं नाणं, तयार झालं. बोटांच्या मुळाशी ठेवून अंगठ्याने नुसतं रेटलं की आतलं नाणं सुटतं, खट् असा आवाजही होत नाही. सगळी खटपट त्यासाठीच होती.

शेल हातात आलं की आपण सगळे आधी सांधा बघतो. नाणं आत बसवायचं, उजेडात धरायचं, कड फिरवून फट दिसते का ते पाहायचं. या कामानंतर माझं मत पक्कं झालंय की सांधा दुय्यम आहे. समोरचा माणूस हातभर लांब बसलेला असतो, त्याला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची फट दिसत नाही. पण नाणं सुटायला क्षणभर उशीर झाला की बोट अडखळतं आणि अडखळलेलं बोट पाच वर्षांच्या मुलालाही दिसतं. शेलची खरी परीक्षा सुटण्यात आहे.

नाण्यांच्या जादूच्या या छंदात नव्याने आलेल्यांसाठी एवढंच सांगतो: शेल म्हणजे एका बाजूने पोखरलेलं आणि किंचित फुगवलेलं नाणं. दुसरं साधं नाणं त्यात डब्याच्या झाकणासारखं बसतं आणि दोनाचं एक दिसतं. फुगवावं लागतं कारण दोन्ही नाणी मुळात एकाच मापाची असतात.

पेनीच का, तर पहिलं कारण कायद्याचं. आपल्या चालू नाण्याला हत्यार लावायचं नाही. २०११ च्या कॉइनेज अ‍ॅक्टप्रमाणे चलनातलं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. पावली (२५ पैसे) आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, पण पावली १९ मिलिमीटरची, बोटांत मावत नाही इतकी बारीक. घरात आजोबांच्या डबीतला बाबाशाही, म्हणजे जुन्या बडोदा संस्थानाचा, रुपया असतो, तोच लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) चढवू का, असं बडोद्यात मला हमखास विचारतात. कृपा करून नको. सयाजीराव महाराजांच्या काळात मशीनवर पाडलेला चांदीचा रुपया पोखरायला घेणं हे पाप आहे, मग ते नाणं कितीही झिजलेलं असो.

जुनी ब्रिटिश पेनी मात्र १९७१ मध्ये चलनातून गेली. ती ब्राँझची, ३०.८ मिलिमीटर व्यासाची. अमेरिकेचा हाफ डॉलर ३०.६. तांब्याचं नाणं आणि चांदीचं नाणं हातातल्या हातात बदलणारे बहुतेक प्रयोग याच जोडीवर उभे आहेत, कारण दोन्ही एकमेकांमागे जवळजवळ पूर्ण झाकली जातात. शिवाय पेनीची कड गुळगुळीत आहे. हाफ डॉलरच्या कडेला दाते असतात. फुगवताना ते फाकतात, कधी पुसट होतात, आणि नखाने कड चाचपणाऱ्याला फरक कळतो. पेनीत ती भानगडच नाही.

काम बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) करून घेतलं. तिथे एका गाळ्यात जुना, पण अचूक लेथ आहे आणि तो चालवणारे काका दांडिया बाजारातले, आपले मराठीच. पहिल्यांदा नाणं हातात घेऊन म्हणाले, "अहो, हे पोखरल्यावर राहणार काय?" खरं आहे. पेनीची जाडी जेमतेम १.६५ मिलिमीटर. तळ अर्धा मिलिमीटर ठेवला आणि बोअर (आतली पोकळी) ३० मिलिमीटरचा घेतला, तर भिंत उरते ०.४ मिलिमीटरची. चकच्या, म्हणजे लेथच्या पकडीच्या, जबड्यात असली भिंत धरली की तिचा त्रिकोण होतो. म्हणून काकांनी आधी पितळेची रिंग पेनीच्या मापाने बोअर केली, ती एका जागी चिरली आणि पेनी तिच्यात बसवून मग चकमध्ये धरली. दाब सगळीकडून सारखा पडतो आणि छापाही घासला जात नाही.

पोखरून झाल्यावर भाजणं. गॅसच्या बर्नरवर, अंधाऱ्या खोलीत, मंद लाल रंग दिसेपर्यंत, आणि मग पाण्यात. ब्राँझ नरम होतं आणि काळंही पडतं. तो काळपटपणा चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवून घालवला. देवघरातली तांब्याची भांडी उजळतात तसाच, फक्त घासायचं नाही. घासलं की राणीच्या, राजाच्या चेहऱ्याचे उंचवटे जातात आणि शेलचा रंग आतल्या पेनीशी जुळेनासा होतो.

फुगवण्यासाठी ईएन-८ स्टीलचे तीन गोल ठोकळे वळवून घेतले: ३०.३, ३०.६ आणि ३०.९५ मिलिमीटर, प्रत्येकाच्या तोंडाला किंचित उतार. पहिला ठोकळा बेंच व्हाइसमध्ये हळूहळू दाबायचा, काढायचा, शेल पुन्हा भाजायचं, मग दुसरा. शेवटचा मुद्दाम थोडा मोठा ठेवला, कारण दाब काढला की धातू जरासा मागे येतो. बोअर ३०.९ च्या आसपास स्थिरावला. शेलचा बाहेरचा व्यास ३१.७ झाला. आतल्या पेनीपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर मोठा, पण दोन्ही शेजारी ठेवून कोणी दाखवतच नाही.

इथून पुढचं सगळं काम सुटण्याचं.

पहिल्या बसवणीत पेनी आत गेली ती हवेच्या गादीवर तरंगत, सावकाश. दिसायला फार सुंदर. पण हीच हवा बाहेर येताना आडवी येते: नाणं ओढलं की मागे पोकळी तयार होते आणि शेल ते धरून ठेवतं. त्यात तळहाताचा घाम आणि बोटांचं तेल. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमटपणात अशी घट्ट जोडी चक्क चिकटते. बोअर मोठा करणं हा सोपा उपाय, पण सैल शेल खुळखुळतं, आणि बोलणारं नाणं घट्ट नाण्यापेक्षा वाईट.

काकांनी सुचवलेला उपाय मला फार आवडला. तोंडाशी साधारण ०.४ मिलिमीटर उंचीची पट्टी मूळ मापाची ठेवायची आणि तिच्या आतला भाग बोअरिंग टूलने अगदी केसभर मोठा करायचा. नाणं मग पूर्ण भिंतीला टेकत नाही, फक्त त्या अरुंद पट्टीला टेकतं. आवाज नाही, कारण पट्टी धरते. चिकटणं नाही, कारण धरणारा भाग इतका थोडा, की नाणं जरा सरकलं की मोकळंच होतं. त्यावर तोंडाची आतली धार १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने मारली. बोटाला जाणवेल न जाणवेल एवढीच, पण अंगठ्याच्या रेट्याने नाणं सुटण्याचं बरंचसं श्रेय त्या धारेचं आहे.

दोन्ही एकत्र असताना जाडी २.१५ मिलिमीटर होते, कारण आतली पेनी शेलबाहेर अर्धा मिलिमीटर डोकावते. योगायोग असा की हाफ डॉलरची जाडी तेवढीच आहे. त्यामुळे आतलं नाणं घासून पातळ करण्याचा बेत मी सोडला. खरं, पूर्ण वजनाचं नाणं प्रेक्षकाच्या हातात देता येणं मला जास्त मोलाचं वाटतं.

बँग रिंगही, म्हणजे घट्ट बसलेली नाणी आपटून सोडवायची कडी, करून घेतली, पण तिची खरी गरज या शेलला नाही. स्कॉच अँड सोडा या प्रयोगातल्यासारख्या नाण्यांच्या जोड्या हाताने सुटू नयेत अशाच बनवलेल्या असतात. तिथे हाफ डॉलरच्या शेलमध्ये बसणाऱ्या नाण्याची एक बाजू मेक्सिकोच्या तांब्याच्या २० सेंटाव्होची आणि दुसरी हाफ डॉलरची असते. आत बसलं की फक्त हाफ डॉलर उरतो आणि तो प्रेक्षकाच्या मुठीतच असतो. तिथे घट्ट बसणं हवंच. मग घरी आल्यावर नाणी रिंगमध्ये शेलचं तोंड खाली करून ठेवायची आणि रिंग कडप्प्यावर सपाट आपटायची. शेलची कड रिंगच्या पायरीवर अडते, आतलं नाणं आपल्या वेगाने पुढे निघून जातं. पायरीचं माप आतल्या नाण्यापेक्षा मोठं आणि शेलपेक्षा लहान हवं, म्हणून माझ्या पेनीसाठी ३१.२ घेतलं. नायलॉनच्या रॉडमधून वळवली, धातूची असती तर कडांना पोचे पडले असते.

आपटण्याने सुटणं म्हटलं की १९५३ ची ब्रुकलिनची घटना आठवल्याशिवाय राहत नाही. वर्तमानपत्रं टाकणाऱ्या एका मुलाच्या हातून पाच सेंटचं नाणं खाली पडलं आणि दुभंगलं. आत आकड्यांच्या संदेशाची सूक्ष्म फिल्म होती. सोव्हिएत हेरांनी ते नाणं बनवलं होतं आणि उघडण्यासाठी 'ट्रस्ट' या शब्दातल्या आर अक्षरात बारीक भोक ठेवलं होतं, सुई घालून आतून ढकलायला. संदेश उलगडायला १९५७ उजाडलं. त्या कारागिराने सुईचा विचार केला आणि फरशीचा केला नाही. मी कुठलंही शेल आता कंबरेच्या उंचीवरून, शेलची बाजू वर ठेवून, एकदा लाकडावर टाकून बघतो.

फोल्डिंग, म्हणजे दुमडता येणारी, पेनी अजून अर्धवट आहे. तीन तुकडे वायरकटवर, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर, कापले. तार ०.१८ मिलिमीटरची, चीर त्याहून थोडी रुंद पडली. सोनाराच्या आठ-शून्य नंबरच्या करवतीचं पान ०.१६ चं असतं आणि ते नक्षीच्या रेषेरेषेने वळवता येतं, म्हणून पुढच्या वेळी करवतच. सरळ चीर ब्रिटानियाच्या ढालीमधून जाते ती मला बघवत नाही.

तुकडे एकत्र धरणारं रबर बदलण्याची पद्धत मात्र जमली. तुकडे काचेवर पालथे मांडायचे, वरून सेलोटेप लावून एकत्र धरायचे, मग रबर कडेच्या खाचेत एका जागी बसवून बोथट सुईने पुढे पुढे ढकलत न्यायचं. टेप सगळ्यात शेवटी काढायची. रबर दातांच्या डॉक्टरांकडे तारांना लावतात ते वापरतो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की साधं रबर आठवड्यात ठिसूळ होतं, म्हणून सुटे रबर हवाबंद डबीत, उन्हापासून लांब ठेवा, आणि प्रयोग नसेल तेव्हा नाणं दुमडलेलं ठेवू नका.

चुंबकाच्या प्रयोगांचं थोडक्यात. हाफ डॉलर चुंबकाला चिकटत नाही, म्हणून त्यात लोखंडाची चकती बसवावी लागते. आपले सध्याचे स्टीलचे एक आणि दोन रुपये जसेच्या तसे चिकटतात, त्यांना काहीच करावं लागत नाही. १९५० च्या सुमाराचा निकेलचा रुपयाही चिकटतो.

आता फ्लिपर. पेनीचाच करणार, पुस्तकासारखा उघडणारा, रबराच्या ताणावर. बिजागरीची पिन ०.५ मिलिमीटरची पियानो वायर धरली आहे आणि काकांनी तेवढ्या बारीक ड्रिलसाठी हाताचा पिन व्हाइस शोधून ठेवलाय.