काशाची वाटी

आज सहा तास उभं राहून शिकवलं. घरी आले तेव्हा टाचा इतक्या ठणकत होत्या की चप्पल काढतानाच तोंडून "आई गं" निघालं. सासूबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "स्वयंपाकाचं राहू दे, आधी इथे बस." आणि कपाटातून माहेरची काशाची वाटी काढली.

तळपायाला जेमतेम चमचाभर कोमट खोबरेल. मग टाचेपासून बोटांकडे, तळव्याच्या खोलगट भागात गोल गोल. आधी गार लागणारी वाटी दोन मिनिटांत उबदार झाली, आणि पोटऱ्यासुद्धा सैलावल्या! दहा मिनिटांत तळवे काळेशार. उष्णता निघते म्हणतात, पण कासं म्हणजे तांबं आणि कथील. तेला-घामाबरोबर घासून त्याचाच तो काळा रंग. आराम मात्र शंभर टक्के खरा. चोळल्याने रक्त खेळतं, स्नायू मोकळे होतात, झोप छान लागते. आयुर्वेदातही अभ्यंग डोकं, कान आणि पायांना आवर्जून करायला सांगितलाय.

मसाजचे दर बघून मी दोन वर्षं तो विचार पुढे ढकलत होते. वाटी घरातच होती.

मधुमेहाने पाय बधिर असतील किंवा एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर मात्र चोळू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

मग वाटी मी घेतली. "अगं, माझे कशाला?" म्हणत सासूबाईंनी पाय पुढे केले. त्यांच्या टाचांच्या भेगा मी आज पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिल्या.