बारा मीटरांची भिंत आणि माझी स्लाइड

दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एका वार्षिक संमेलनासाठी मी नेहमीच्या १६:९ आकारात चाळीस स्लाइड करून दिल्या, आणि रंगमंचावर १२ मीटर रुंद व ३ मीटर उंच एलईडी वॉल उभी असल्याचे मला थेट रिहर्सलला कळले. कडेला काळे पट्टे दिसू नयेत म्हणून ऑपरेटरने माझे चित्र ताणून सबंध भिंतीवर बसवले. गोल पाय चार्टचे आडवे अंडे झाले आणि अध्यक्षांचा चेहरा सव्वादोन पट रुंद झाला. अध्यक्ष पहिल्याच रांगेत बसले होते.

चूक अर्थात माझी होती, कारण पडद्याचा आकार मी विचारलाच नव्हता. आता काम स्वीकारताना मी मीटर नव्हे, तर पिक्सेल विचारते. अशा भिंती बहुधा अर्ध्या मीटरच्या चौकोनी पॅनेलांच्या असतात आणि पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमधले अंतर, ३.९ मिलिमीटर असेल, तर एका पॅनेलमध्ये १२८ गुणिले १२८ पिक्सेल येतात. त्या दिवशीची भिंत आडवी २४ आणि उभी ६ पॅनेल, म्हणजे ३०७२ गुणिले ७६८ पिक्सेल, अर्थात ४:१ होती. लॅपटॉपमधून १९२० गुणिले १०८० चे चित्र निघत असेल, तर ४:१ ची स्लाइड त्यात केवळ ४८० पिक्सेल उंचीची उरते आणि भिंतीला चित्र पुरवणाऱ्या प्रोसेसरने ती मोठी केल्यावर बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. म्हणून शक्य तिथे मी ३८४० गुणिले २१६० चे आउटपुट मागते.

पॉवरपॉइंटमध्ये अशा भिंतीसाठी मी स्लाइडची रुंदी ३० इंच ठेवते, पण उंची मात्र नेहमीचीच, साडेसात इंच. उंची न बदलल्यामुळे जुन्या स्लाइडवरचा मजकूर व चित्रे त्याच मापात नव्या स्लाइडवर आणता येतात आणि अक्षरांच्या आकाराचा हिशेब नव्याने करावा लागत नाही.

खरी कसोटी मांडणीची असते. एवढी जागा मिळाली की ती भरून काढण्याचा मोह होतो, आणि ग्राहकाला तर तो हमखास होतो. परंतु बारा मीटर लांबीची ओळ वाचून संपल्यावर पुढच्या ओळीचा आरंभ शोधण्यासाठी पुढे बसलेल्या माणसाला अक्षरशः मान वळवावी लागते. म्हणून वाचायचा मजकूर मी मधल्या सव्वापाच मीटरांतच ठेवते आणि दोन्ही बाजूंना शांत रंग, एखादे छायाचित्र किंवा वक्त्याचे कॅमेऱ्यातील चित्र सोडते. स्लाइडच्या खालच्या भागात काहीही महत्त्वाचे लिहीत नाही, कारण तिथे वक्ता, पोडियम आणि पुढच्या रांगांची डोकी असतात. डावीकडून उडत येणारी शीर्षके तर मी पूर्णपणे बंद केली आहेत: लॅपटॉपवर सौम्य वाटणारी ती हालचाल भिंतीवर एसटी सुटावी तशी दिसते.

फाइलच्या सुरुवातीला मी एक चाचणी-स्लाइडही जोडते. तिच्यात चारही कडांना बारीक रेघ, कोपऱ्यांत १ ते ४ हे आकडे आणि मधोमध एक मोठे वर्तुळ असते. रेघ कुठे कापली गेली असेल किंवा वर्तुळ लंबगोल झाले असेल, तर ते सभागृह भरण्याआधीच लक्षात येते. गेल्या महिन्यात एका ऑपरेटरने ती स्लाइड लावली, मोजपट्टी घेऊन तो थेट भिंतीपाशी गेला आणि तिथूनच ओरडला, “मॅडम, आडवं दोन मीटर, उभंही दोनच!”