काळा रंग भिंतीचाच

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. लाल येतो, पिवळा येतो, निळा तर झकास येतो. पण काळा म्हणजे उजेड नसणं, आणि नसलेली गोष्ट भिंतीवर टाकणार कशी? तेव्हा पडद्यावर जे जे काळं दिसतं, म्हणजे नायिकेचे केस, अमावस्येची रात्र, वकिलाचा कोट, ते सगळं घरच्या भिंतीचं असतं. प्रोजेक्टर घ्यायच्या आधी संध्याकाळी साडेसातला हॉलमध्ये बसून समोरच्या भिंतीकडे नुसतं बघावं. ती जितकी उजळ दिसेल, त्याहून काळा रंग त्या घरात कितीही महागड्या यंत्रातून मिळणार नाही.

आणि आपल्या घरांना अंधाराचं वावडं. बाल्कनीच्या सरकत्या काचेतून सोसायटीचा हॅलोजन आत येतो, स्वयंपाकघराची ट्यूब कोणीतरी नुकतीच लावलेली असते, देव्हाऱ्यात झिरोचा बल्ब, सेट टॉप बॉक्सचा लाल ठिपका. हे एकेक करून विझवायचं. ब्लॅकआउट पडदे लावताना लोक कापडावर पैसे घालतात आणि फट विसरतात. उजेड कापडातून कमी, कडेने जास्त येतो. पडद्याची दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना 15 सेंटिमीटर तरी लांब हवी आणि टोकं भिंतीकडे वळवलेली हवीत. एवढं केल्यावर उरतं ते पांढरंशुभ्र छत. चित्राचाच उजेड छतावर जातो आणि परतून चित्राच्या काळ्यावर सांडतो. पडद्यालगतचं 3-4 फूट छत गडद, बिनचमकीच्या रंगाचं केलं तर फरक पहिल्याच रात्री दिसतो. घरात या प्रस्तावाला मंजुरी मिळणं अवघड, हे मान्य. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ करत, तेव्हा निदान काळोख तरी फुकट होता.

अंधार जमला की लुमेनचं, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं, गणित सोपं होतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं 100 इंची चित्र म्हणजे 221 सेंटिमीटर रुंद आणि 124 सेंटिमीटर उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. थिएटरातल्या पडद्याइतकं तेज, म्हणजे 48 निट, एवढ्या पांढऱ्या भिंतीवर आणायला साधारण 415 लुमेन पुरतात. मग 2000 चा प्रोजेक्टर का घ्यायचा? कारण छापलेला आकडा सगळ्यात भडक, हिरवट मोडमधला असतो. रंग खरे दिसतात त्या सिनेमा मोडमध्ये त्याचा जेमतेम निम्मा उरतो. लॅम्प असेल तर तो म्हाताऱ्या वयात पुन्हा निम्म्यावर येतो. 415 ची दोनदा दुप्पट केली की 1660. त्यावर थोडं वरखर्चाला धरून 2000.

खोक्यावर मात्र 9000 लुमेन लिहिलेलं असतं, आणि यंत्र असतं तळहातावर मावणारं. अशा वेळी खोकं उलटून वॅट वाचावेत. घरातला 9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण 900 लुमेन देतो. त्या हिशेबाने 60 वॅटच्या यंत्राने सगळी वीज उजेडात घातली तरी 6000. त्यातला निम्म्याहून जास्त पोलरायझर नावाची उजेड गाळणारी पट्टी खाते, उरलेल्यातले दोन तृतीयांश रंगांच्या गाळण्या खातात, मग लेन्सचा वाटा. भिंतीवर काही शे लुमेन पोचले तरी नशीब. एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन (म्हणजे ठरलेल्या मानक पद्धतीने मोजलेले) असा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो आकडा जाहिरातीचा समजून सोडून द्यावा.

पडदा म्हणून चादर लावायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्याला गणपतीतले रस्त्यावरचे सिनेमे जबाबदार आहेत. चौकात पांढरं कापड ताणायचं आणि लोक दोन्ही बाजूंना बसायचे. मागच्या बाजूच्यांना नायक डावखुरा दिसे आणि नावं उलटी वाचावी लागत, पण तक्रार नसे. फक्त हे लक्षात घ्यावं की मागच्यांना जो उजेड मिळत होता, तो पुढच्यांच्या चित्रातून वजा झालेला होता. घरात चादरीमागे कोणी बसणार नाही. त्यापेक्षा भिंतच नीट करावी: पुट्टी, पॉलिश पेपर आणि बिनचमकीचा पांढरा रंग. रंगाला जरा जरी लकाकी असली तर चित्राच्या मधोमध एक तेजस्वी ठिपका बसतो आणि नायक कुठेही गेला तरी तो तिथेच राहतो. पुट्टी झाल्यावर बॅटरी भिंतीला टेकवून आडवा झोत टाकावा. हाताला न लागलेला प्रत्येक उंचवटा सावली धरून उभा राहतो. तिथे पुन्हा पेपर मारावा. शेवटी चारी कडांना काळ्या मखमलीची अडीच-तीन इंची पट्टी. बाहेर सांडणारा उजेड ती गिळते, आणि शेजारी खरा काळा आला की आतला करडासुद्धा डोळ्यांना काळा वाटायला लागतो. इतक्या स्वस्तात एवढं देणारी दुसरी वस्तू या उद्योगात नाही.

आता मोजपट्टी. लेन्सपासून भिंतीचं अंतर भागिले चित्राची रुंदी, याला थ्रो रेशो म्हणतात, आणि तो माहितीपत्रकात छापलेला असतो. 1.2 असेल तर 221 सेंटिमीटर रुंदीसाठी अंतर 2.65 मीटर, म्हणजे 8 फूट 8 इंच. 1.5 असेल तर 3.3 मीटर, पावणेअकरा फुटांच्या आसपास. लोक गृहीत धरतात की प्रोजेक्टर मागच्या भिंतीवर जाईल. 16 फुटी हॉलमध्ये तो तिथून एवढं मोठं चित्र टाकेल की दोन्ही बाजूंच्या भिंतींवरही सिनेमा चालू होईल.

म्हणजे जागा येते हॉलच्या मधल्या पट्ट्यात. तिथे आधीपासून पंखा आहे. 48 इंची पंख्याची पाती मध्यापासून दोन्हीकडे दोन-दोन फूट फिरतात, म्हणजे 16 फुटी हॉलमध्ये 6 ते 10 फुटांचा पट्टा त्याच्या मालकीचा. 8 फूट 8 इंचांवरची लेन्स बरोबर त्याच्या खाली. झोत पात्यांमधून गेला तर चित्र फडफडतं आणि दहा मिनिटांत डोकं धरतं. पंखा बंद ठेवून एप्रिलमध्ये सिनेमा बघणारं कुटुंब अजून जन्मायचंय. उपाय एकच: लेन्स पात्यांच्या पातळीपेक्षा किमान वीतभर खाली येईल एवढा लांब पाईप लावणं, आणि झोताची वरची कड पात्यांना कुठेही शिवत नाही हे दोरी धरून आधीच बघणं. गुंडाळायचा पडदा असेल तर त्याच पंख्याच्या वाऱ्याने तो डुलतो आणि समुद्र नसलेल्या दृश्यातही लाटा येतात. कडेने ताण दिलेला पडदा मग घ्यावा लागतो.

पाईप टांगायचा तो स्लॅबला. पीओपीच्या छताला नाही, हे जितक्यांदा सांगावं तितकं कमी. पीओपी स्वतःचं वजन कसंबसं पेलतं. त्यातून भोक पाडून वर काँक्रीटपर्यंत जायचं आणि प्लास्टिकच्या प्लगऐवजी 8 मिलिमीटरचे लोखंडी अँकर फास्टनर चार ठोकायचे. काम करणाऱ्याने लावल्यावर पाईपला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवावं, अशी अट घालायला हरकत नाही. शिवाय यंत्रापासून स्लॅबपर्यंत एक सुरक्षेची तार. तीन-चार किलोची वस्तू पाहुण्यांच्या डोक्यावर असते.

बहुतेक स्वस्त डीएलपी (बारीक आरशांनी चित्र घडवणाऱ्या) प्रोजेक्टरांत चित्र लेन्ससमोर न पडता थोडं वर पडतं. उलटा टांगला की थोडं खाली. उंचीच्या 10 टक्के धरा, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. गादीवर, सतरंजीवर बसणाऱ्यांची नजर जमिनीपासून पाऊण मीटरवर असते, म्हणून चित्राची खालची कड 65 सेंटिमीटरवर असली तर मान अवघडत नाही. मग वरची कड 190 वर, आणि टांगलेली लेन्स 202 वर. साडेसहा फूट! घरातला उंच माणूस रोज तिला धडकणार. तोच प्रोजेक्टर सुलटा ठेवला तर लेन्स यायला हवी 52 सेंटिमीटरवर, आणि आपला टीपॉय असतो 45 चा. खाली एक पाट ठेवला की जमलं. म्हणून अनेक घरांत सगळी अक्कल खर्च करून झाल्यावर प्रोजेक्टर शेवटी टीपॉयवरच येतो. वाईट काही नाही, फक्त चहाचे कप दुसरीकडे आणि वायर चालण्याच्या वाटेत नको.

ज्यांना टांगायचाच आहे ते यंत्र वाकवतात आणि समलंब झालेलं चित्र कीस्टोनचं बटण दाबून सरळ करतात. चित्र सरळ होतं, पण बारीक कापून. 1920 बाय 1080 ठिपके मूळचे. कीस्टोन त्यातले कडेचे काळे करून चित्र उरलेल्यांत कोंबतं आणि सबटायटल्सच्या कडा मऊ पडतात. ते काळे केलेले ठिपकेही पूर्ण काळे नसतातच, भिंतीवर करडी चौकट दिसत राहते. आरशासारखं सरळ काम हवं असेल तर लेन्स शिफ्ट असलेलं यंत्र घ्यावं. त्यात लेन्सच वर-खाली सरकते आणि एकही ठिपका जात नाही. नसेल तर कीस्टोन शून्यावर ठेवून, रेघांचं चाचणीचित्र लावून, पाणसळ आणि टेप घेऊन बसायचं. चित्राची डावी आणि उजवी उंची मोजायची. जी कड उंच, ती लेन्सपासून लांब. यंत्राचं तोंड तिच्यापासून दुसरीकडे केसभर वळवायचं आणि पुन्हा मोजायचं. फोकस मात्र शेवटी, यंत्र अर्धा तास चालून तापल्यावर. थंड लेन्सवर साधलेला फोकस मध्यंतरापर्यंत सरकलेला असतो.

भिंती फोडणार असाल तर पाईप दीड इंची टाका. पाऊण इंची पाईपमधून वायर जाते, एचडीएमआयचं डोकं जात नाही, हे प्लास्टर झाल्यावर कळतं. 10-12 मीटर लांबीला तांब्याची साधी वायर 4के सिग्नलला दगा देते, तिथे फायबरची लागते. तिची दोन टोकं वेगवेगळी असतात आणि उलटी ओढली तर पूर्ण ओढून परत काढावी लागते. पाईपमध्ये एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवावी. आवाज ब्लूटूथवर ठेवला तर ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो, तेव्हा साउंडबारलाही वायरच.

टीपॉयवरच्या प्रोजेक्टरचा एक धोका गंभीर आहे: लेन्स रांगत्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. यंत्रावर ‘रिस्क ग्रुप 2’ असं लेबल असतं, त्याचा अर्थ झोतात टक लावून बघू नये. मोठा माणूस आपोआप डोळे मिटतो, लहान मूल कुतूहलाने आत बघतं. झोत थांबवायचा तर रिमोटवर चित्र झाकायचं बटण असतं, ते वापरावं. चालू लेन्सवर टोपण लावू नये. सगळी उष्णता त्यावर एकवटते आणि प्लास्टिक वितळून लेन्सवर बसतं.

पावसाळ्यात उजेडाकडे पाखरं येतात. झोतात आलेला एवढासा पतंग पडद्यावर गिधाडाएवढा होतो, पोरं खूश होतात, तिथवर ठीक. पण पाखरांमागे पाल येते, आणि पालीला यंत्राच्या जाळीतली ऊब आवडते. ती आत गेली तर पॉवर सप्लायवर स्वतःसह सगळ्यांचा शेवट करते. जाळीवर जाळी लावू नये, हवा कोंडते. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर वर सुती कापड टाकावं. कोकणातल्या हवेत आठवड्यातून अर्धा तास ते चालवावंही, नाहीतर लेन्सला बुरशी धरते. उदबत्ती, धूप आणि फोडणी यांचा धूर फिल्टरवर चिकट थर बनवतो, तो नुसता झटकून जात नाही; पुस्तिकेत 300 तास लिहिले असतील तर 150 ला ब्रश मारावा, प्लग काढून. आत डबाबंद हवेचा फवारा मारू नये, त्यातला वायू बऱ्याचदा ज्वालाग्राही असतो. आणि शोकेसच्या कप्प्यात यंत्र बसवायचा सुतारी हट्ट सोडावा. चारी बाजूंना फूटभर मोकळी हवा हवी.

हवा कशासाठी, ते लॅम्पकडे पाहून समजतं. 1995 मध्ये फिलिप्सने आणलेल्या या पाऱ्याच्या दिव्यात मिलिमीटरभर अंतरात ठिणगी जळते, आतला दाब 200 वातावरणांच्या घरात जातो आणि क्वार्ट्‌झची काच 900 अंशांच्या वर. बदलायचा तर प्लग काढून तासभर थांबावं आणि काचेला उघडं बोट लावू नये. बोटाचं तेल तापून तिथेच काच कमजोर होते. फुटलाच तर आधी माणसं बाहेर, खिडक्या उघड्या, अर्ध्या तासाने ओल्या कागदाने वेचणं. व्हॅक्यूम क्लीनर नको, पाऱ्याची वाफ तो घरभर करतो. मध्येच लाइट गेली तर यंत्रातला पंखा थांबतो आणि ती सगळी आग आतच कोंडते. कॉम्प्युटरचा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट पेलतो. सिनेमा पुरा होण्याइतका नाही, पण यंत्र रीतसर बंद करण्याइतका वेळ देतो. तोही नसेल तर लाइट आल्याआल्या बटण दाबत बसू नये. दाब उतरेपर्यंत दिवा पेटतच नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत.

सिनेमा संपल्यावरही असंच. रिमोटचं बटण दोनदा दाबलं की चित्र जातं, पंखा मोठ्याने घुमायला लागतो आणि हिरवा दिवा उघडझाप करतो. दीड-दोन मिनिटं. तेवढ्यात कोणीतरी हमखास सवयीने भिंतीवरच्या स्विचकडे निघतं. त्या स्विचवर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवून ठेवावा.